बुडबुडे गेले कुठे

“आधी बाबांची माफी माग. त्याशिवाय ही गाडी इथून हलणार नाही!”

ताई मोटरहोमच्या पायरीवर उभी राहून ओरडत होती. एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्या हातात चिमणीचं मनगट. चिमणी म्हणजे माझी भाची, चार वर्षांची. तिला मी, म्हणजे मामाने, बेअरिंगचे छर्रे खेळायला दिलेले, त्यामुळे भांडणात ती मामाच्या बाजूने होती.

“मग नका हलू,” मी म्हटलं.

“तोंड सांभाळून बोल रे,” भाऊजी ड्रायव्हरच्या सीटवरून म्हणाले. भाऊजींचा स्वभाव गरीब. त्यांनी दम दिला तरी विनंती केल्यासारखा वाटतो.

“मी खरं तेच बोललो. बाबांना वास येत नाही.”

“अख्खी गल्ली त्यांना नाकवाले मिस्त्री म्हणते!” ताईचा आवाज चिरकला. “आणि तू त्यांच्या जावयासमोर त्यांचं...” 

बाबा गॅरेजच्या शटरपाशी उभे होते. फडक्याने हात पुसत होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होते.

“जा तुम्ही,” ते ताईला म्हणाले. “ऊन चढायच्या आत चढ पार करा. याचं काय ऐकता? शाळेत टिकला नाही, आता मला इंजिन शिकवतोय. राग नाकावर आणि अक्कल गुडघ्यात.”

माझ्या हातात पाना होता. तो मी भिरकावला. कुणाला मारायला नाही, असाच. तो तेलाच्या रिकाम्या पिंपावर आदळला आणि असा आवाज झाला की चिमणी रडायला लागली. मग मीही पाय आपटत मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये निघून गेलो. तिथून मला गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. एका सेल्फमध्ये. जराही न खोकता.

ताईच नेहमी सांगते, राग आला की झालं तसं पहिल्यापासून लिहून काढ, शेवटी चूक कुणाची ते आपोआप दिसतं. शाळेत होतो तेव्हा तिने हे माझ्याकडून पुष्कळदा करवून घेतलंय. चूक बहुतेक वेळा माझीच निघायची. आज निघणार नाही. नव्या पंपाचं खोकं फाडून सपाट केलंय, त्यावरच लिहितोय.

तर पहिल्यापासून.

भाऊजी मोठ्या भिंतींवर जाहिराती रंगवतात. काम जिथे असेल तिथे जावं लागतं, मग ताई आणि चिमणी एकट्या पडतात. म्हणून त्यांनी डोकं लढवलं आणि हे चाकांवरचं घर घेतलं. भाड्याची खोली सोडून दिली. भांडी, गाद्या, रंगाचे डबे, थिनरचे कॅन, सगळा संसार गाडीत. वयाने गाडी बाबांपेक्षा थोडीच लहान असेल. आत ओटा, पलंग, लाकडी कपाटं, आणि इंजिनसुद्धा आतच, दोन सीटच्या मध्ये, झाकणाखाली.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. ती किती वर्षं कुणाच्या तरी आवारात उभी होती. खिडक्यांना जुने पडदे तसेच. कपाटात दोन ताटल्या तशाच. आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, पोराची उंची मोजतात तशा. एकावर एक चढत गेलेल्या, आणि माझ्या कमरेच्या वर आल्यावर थांबलेल्या. पुढे एकही नाही.

“मोठं झालं असेल,” भाऊजी म्हणाले होते. “मोठी पोरं कुठे उंची मोजू देतात?”

ताईने त्याच दिवशी त्या रेघांवर रंग मारला. 

आत एक गॅसवर चालणारा फ्रिज आहे. खालच्या फळीमागे एक ज्योत पेटते, आणि त्या ज्योतीने वर गारवा होतो. आगीने गारवा! गाडी घेतली तेव्हा भाऊजींनी तो पेटवून मला समजावून सांगितलं तरी मला ते पटलं नाही. चिमणीला मात्र भारी मजा वाटली. फळीच्या भोकातून ती ज्योत दिसते, बारीक आणि निळी. तिने तिचं नाव ठेवलंय निळं फूल. गाडी चालू असताना फ्रिज बंद ठेवायचा आणि थांबलं की पेटवायचा, म्हणजे चिमणीचं दूध टिकतं, असं ताईने ठरवलंय.

आता गाडीचा आजार. चालू व्हायची झक्कास. आवारात तासभर उभी ठेवा, घड्याळासारखी चालायची. पण गावाबाहेरचा चढ लागला की आधी खोकायची, मग धापा टाकायची, मग गप्प. थोडा वेळ उभी केली की पुन्हा अशी सुरू व्हायची की जणू तुम्हीच खोटं बोलताय. पहिल्या वेळी ती बंद पडली ती थेट वळणावर. इंजिन बंद झालं की तिचा ब्रेकही दगडासारखा कडक होतो, दाबला जात नाही. भाऊजी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे, गाडी हळूहळू मागे सरकतेय, मागे कठडा, कठड्यामागे काही नाही. मी उडी मारून चाकाखाली दगड लावला. ताई चिमणीला छातीशी धरून बसली होती आणि कुणीच ओरडलं नाही. 

“बघतो मी तिला,” बाबा त्या संध्याकाळी म्हणाले. “जावयाची गाडी आहे. माझ्या हातून निघाली की पुन्हा बंद पडायची नाही.”

बाबांनी क्रमाने सगळं केलं, ते मला मान्य आहे. आधी टाकीचं झाकण. त्याचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. झाकण सैल करून चढावर नेली. बंद पडली. मग फिल्टर काढला, चहाच्या गाळासारखा गंज निघाला. नवा लावला. बंद पडली. टाकी उतरवली, आत मूठभर नट टाकून आम्ही दोघांनी ती पाळण्यासारखी हलवली, धुतली, वाळवली. बंद पडली. कार्बोरेटर खोलला, एकेक छिद्र फुंकून साफ केलं. बंद पडली. दर वेळी ओढून आणायची. समोरचा टायरवाला म्हणायला लागला, “मिस्त्री, तिला माहेर आवडलंय, जायचं नाव घेत नाही.” बाबा हसायचे, पण जबडा घट्ट.

मग मी इंजिनचं झाकण उघडून आडवा पडलो आणि टॉर्च मारून बघत बसलो. पंपाच्या आधी एक काचेची वाटी आहे, पेट्रोल तिच्यातून जातं. त्या वाटीत बुडबुडे होते.

“बाबा, बुडबुडे येतायत.”

“उकळतंय. इंजिनची धग लागून पेट्रोलची वाफ होते. चढावर जास्त तापतं म्हणून चढावर बंद पडते.” त्यांनी पाइपला ओलं फडकं गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेलो. इंजिन बर्फासारखं थंड. सेल्फ मारला आणि वाटीत बघितलं. बुडबुडे. एकामागून एक, मुंग्यांच्या रांगेसारखे.

“थंड गाडीत कसं उकळेल?” मी बाबांना विचारलं. “हवा ओढतेय कुठून तरी. रबर तडकलंय. सपाटीवर भागतं, चढावर पेट्रोल कमी पडतं.”

रबर म्हणजे पेट्रोलच्या पाइपातला रबरी तुकडा. बाकी पाइप लोखंडी, टाकीपासून इंजिनापर्यंत खालून गेलेला. पण आधीच्या मालकाने ओटा बनवताना मधला तुकडा कापून तिथे रबर घातलं आणि ते नेमकं फ्रिजच्या कपाटामागून काढलं. बघायचं तर फ्रिज काढायचा आणि कपाट फोडायचं. कपाट भाऊजींनी नुकतंच रंगवलं होतं.

आमच्या गॅरेजचा नियम आहे, रबर आधी, पंप मग. बाबांचाच नियम. मला पहिला हाच शिकवलेला. पण बाबांचा रबर तपासायचा एक प्रकार आहे, तो दुसऱ्या कुणाकडे नाही. ते पाइप हुंगत जातात. पोटावर झोपून, डोळे मिटून, टाकीपासून इंजिनापर्यंत. सुईएवढं छिद्र असलं तरी थांबतात आणि बोट ठेवतात. लांबून लांबून लोक गाड्या आणायचे ते या नाकासाठी.

त्या दिवशीही त्यांनी तसंच केलं. डॉक्टर पेशंट तपासताना घरचे उभे राहतात तसे ताई आणि भाऊजी उभे. बाबा फ्रिजच्या फळीपाशी आले, डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

“कोरडं. रबर ठणठणीत आहे.”

भाऊजींनी कपाटाकडे बघून सुटकेचा श्वास टाकला.

मी टाकला नाही. कारण मला एक गोष्ट दिसली होती. मोठा ताप येऊन गेल्यापासून बाबा बदललेत. एकदा आईचं दूध करपलं, घरभर धूर, शेजारीण धावत आली. बाबा दोन हातांच्या अंतरावर पेपर वाचत बसलेले. आई म्हणाली, “पेपरात बुडालेत.” मीही तेच म्हटलं. पण नंतर मी लक्ष ठेवायला लागलो. तेल हुंगताना ते आधी डोळ्याने बघायचे, मग हुंगायचे, मग बोलायचे. पूर्वी डोळे आधीच मिटायचे.

म्हणून परवा मी एका डब्याच्या झाकणात नळाचं पाणी घेतलं. बाबा खड्ड्यात उतरून काम करत होते, अंधार होता. मी वरून झाकण धरलं. “बाबा, हे टाकीतलं आहे, बघा हो.”

त्यांनी डोळे मिटले. हुंगलं. जरा थांबले.

“शिळं झालंय. ओतून टाक.”

मी ते पाणी ओतलं.  मी कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार? आमच्या घरात बाबांचं नाक म्हणजे घराचा खांब. तो पोकळ निघाला हे ओरडून सांगायचं नसतं, एवढी अक्कल माझ्या गुडघ्यातही आहे.

मग बाबांनी ठरवलं, पंप म्हातारा झालाय. जुना पंप इंजिनाजवळ होता. स्ट्रॉने पाणी ओढतात तसा तो लांबून पेट्रोल ओढायचा. बाबांनी तो काढला आणि विजेवरचा नवा पंप मागे टाकीजवळ बसवला. हा ओढत नाही, मागून ढकलतो. चांगला दाबून ढकलतो. काल चढावर नेली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. एकदाही खोकली नाही. भाऊजी लहान पोरासारखे हॉर्न वाजवत होते. आवारात आल्यावर बाबांनी झाकण उघडलं आणि मला हाक मारली. काचेच्या वाटीत पेट्रोल नितळ होतं, आरशासारखं.

“काय मास्तर? बुडबुडे गेले कुठे तुझे?”

टायरवालासुद्धा हसला.  मी चुकलो होतो. रात्रभर मला झोप नाही. चुकलो याचा राग नव्हता. बाबा नाक नसताना बरोबर निघाले आणि मी डोळे असून चूक, याचा राग होता.

आज सकाळी निघताना भाऊजींनी आत डोकं घालून म्हटलं, “बाबा, जरा वास येतोय का हो? पेट्रोलसारखा?”

बाबा आत गेले. उभे राहिले. लांब श्वास घेतला.

“तुमच्या थिनरचा असेल. पेट्रोल असतं तर मला कळलं नसतं का? आणि नवा पंप आहे, थोडा वास आला तरी घाबरू नका. मी हुंगून बघितलंय.”

“मग झालं,” ताई म्हणाली. “बाबांनी बघितलंय ना.”

त्यावर माझं डोकं फिरलं आणि मी बोलून गेलो. पाण्याचंही सांगितलं. जावयासमोर. मग वर लिहिलं ते झालं.

ताईने जाताना शेडकडे तोंड करून ओरडून सांगितलं, “दुपारी तळ्यापाशी थांबणार आहोत. तोंड गोड झालं तर फोन कर!” आणि चिमणी रडता रडता म्हणाली, “मामा, तिथे निळं फूल लावायचं!” तिला वारा बाधतो, खोकला आहे. खिडक्या सगळ्या लावलेल्या होत्या. गाडी वळली तेव्हा शेडच्या दारातून काचेला चिकटलेलं तिचं नाक मला दिसलं.

त्यानंतर मी इथे बसलोय. गाडी जिथे उभी होती तिथेच, स्टूल टाकून. बाबा मघाशी भुसा घेऊन आले. जमिनीवर ओलं होतं, त्यावर टाकला.

“काय आहे?” असं मी विचारलं नाही, मी रागावलेलो होतो. त्यांनी आपणहून सांगितलं, “फ्रिजचं पाणी.” आणि आत जाऊन बसले.

आता चूक कुणाची ते दिसायला हवं. बाबांचं नाक गेलंय, ते खरं. पण गाडी बरी झाली, तेही खरं. बुडबुडे गेले, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. हवा आत येत होती, ती यायची बंद झाली. पंप बदलला म्हणून.

पण हवा पंपातून येत नव्हती. हवा भोकातून येत होती. भोक कुणी बुजवलं?

कुणीच नाही.

जुना पंप ओढायचा, म्हणून त्या भोकातून हवा आत यायची. नवा पंप ढकलतो. दाबून. मग त्याच भोकातून आता काय बाहेर जात असेल?

गाडी दुरुस्तीला आल्यापासून आमच्या आवारात फ्रिज एकदाही पेटवलेला नाही. मग त्याचं पाणी कुठून आलं?

मी उठून बघितलं. चाकांच्या खुणा धुळीत स्पष्ट आहेत. ओलं होतं ते टाकीखाली नाही, इंजिनाखाली नाही. मध्ये, दाराच्या बाजूला. बरोबर फ्रिजच्या खाली. भुसा मुठीत घेऊन हुंगला. माझ्या हातांना कायमच वास असतो म्हणून हात धुऊन पुन्हा हुंगला. डोळ्यांत पाणी आलं इतका उग्र.

ती चढावर बंद पडत होती तेव्हा वाचवत होती आपल्याला. आम्ही तिला बरं केलं.

फोन लावला. ताईचा लागत नाही, भाऊजींचा लागत नाही. डोंगरात रेंज नसते. पुन्हा लावला. पुन्हा.

बाबांना हाक मारली. ते आले, खाली बसले, भुसा चिमटीत घेऊन नाकापाशी नेला. किती वेळ तसेच. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि असं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“तूच सांग,” ते म्हणाले.

“पेट्रोल आहे, बाबा.”

 त्यांनी भिंतीवरची मोटरसायकलची चावी काढली.  

“मी चालवतो. तुम्ही मागे बसा आणि फोन लावत राहा.”

“ते पोचले असतील का रे तळ्यापाशी?”

 ऊन शटरच्या आत आलंय. दुपार झालीय.

आई, तू दुकानातून आलीस की वरचं काही वाचू नकोस, एवढंच वाच. तुझ्या फोनवरून ताईला लावत राहा. एकच सांग, फ्रिज पेटवू नको, चिमणीला घेऊन सगळे गाडीपासून लांब जा. बाकीचं नंतर. बाबांनी किक मारलीय, मला हाक मारतायत. मला आता निघायलाच